सांधा, लेप आणि हवा

लाकडाच्या लहान सामानाचे, म्हणजे चौरंग, पेटी, देव्हारा, खणांचे छोटे कपाट, बैठे मेज अशा एका माणसाला उचलता येणाऱ्या वस्तूंचे, आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: लाकडाचे तुकडे एकमेकांत कसे बसवले आहेत आणि त्यांच्यावर कोणता लेप चढवला आहे. जपानमध्ये या दोन्ही विद्या फार वरच्या पायरीला पोहोचल्या. खिळा न मारता तुकड्यात तुकडा अडकवून केलेल्या सामानाला तिथे 'साशिमोनो' म्हणतात, आणि उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेला लेप झाडाच्याच नावाने ओळखला जातो. मराठीत मात्र या लेपाला सरसकट 'जपानी लाख' म्हटले जाते आणि सांध्यांचे वर्णन 'बिनखिळ्याचे अद्भुत काम' या कौतुकापाशी थांबते. एका प्रदेशात जन्मलेले तंत्र दुसऱ्या प्रदेशात कितपत टिकेल हे ठरवायचे, तर ते कोणत्या हवेला उत्तर म्हणून निघाले ते आधी पाहावे लागते. कारण झाड तोडले तरी लाकडाचा हवेशी असलेला संबंध तुटत नाही.

या पाहणीसाठी देवगाव फाटा हे ठिकाण सोयीचे आहे. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथून सेलूची वाट फुटते तिथला हा फाटा लाकूडकामासाठी प्रसिद्ध नाही, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे: इथली हवा ही मराठवाड्याची सर्वसाधारण हवा आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारच्या वाऱ्यात ओलावा नावापुरता उरतो; आषाढ-श्रावणात तीच हवा दमट होऊन दारे चौकटीत अडकू लागतात; आणि हिवाळ्यात, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात, पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. जे सामान या तिन्ही ऋतूंतून फट न पडता पार पडेल तेच इथे चांगले सामान, आणि जपानी तंत्राचे मोलही याच कसोटीवर करायला हवे.

लाकडातला ओलावा भोवतालच्या हवेप्रमाणे वरखाली होतो. २५ अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत तो सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावतो, तर ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेत ४ टक्क्यांच्या आसपास येतो. या चढउताराबरोबर फळी रुंदीच्या दिशेने फुगते आणि आकसते. लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या दिशेने, तिच्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. साग हे या बाबतीत शांत लाकूड मानले जाते, तरीही एक फूट रुंद सागाच्या फळीने पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची हवा पूर्णपणे अंगी घेतली, तर फळी कशी कापली आहे त्यानुसार तिच्या रुंदीत तीन ते सहा मिलिमीटरांचा फरक पडू शकतो, असा साधा हिशेब आहे. प्रत्यक्षात जाड लाकूड हवेच्या मागे रेंगाळत राहते आणि फरक याहून कमी पडतो. पण खिळ्याने दोन्ही कडांना जखडलेल्या फळीला तडा जायला दोन मिलिमीटरही पुरतात. लोखंडी खिळा लाकडाबरोबर हलत नाही, त्याच्या भोवतीचे भोक मात्र दर वर्षी थोडे सैल होते. बिनखिळ्याच्या कामामागचे खरे कारण हे आहे. त्यात गूढ काही नाही.

जपानी सुतार सांध्यांचे दोन ढोबळ वर्ग करतात. लाकडाची लांबी वाढवण्यासाठी टोकाला टोक जोडणे याला 'त्सुगिते' म्हणतात, आणि कोनात येणारे दोन तुकडे जोडणे याला 'शिगुची'. लहान सामानात दुसऱ्या वर्गाचे राज्य असते. त्याचा पाया म्हणजे 'होझो', जे मराठी सुताराचे कुसूच आहे: एका तुकड्याचे टोक कोरून बारीक करायचे आणि दुसऱ्या तुकड्यात तेवढीच खोबण पाडून त्यात ते बसवायचे. दुसरा महत्त्वाचा आकार 'आरी'. हा जपानी शब्द मुंगीचा आहे; कमरेशी निमुळते आणि टोकाला रुंद असे हे कुसू एकाच दिशेने आत सरकते आणि ओढले तरी बाहेर निघत नाही, म्हणून त्याला मुंगीच्या अंगकाठीचे नाव मिळाले. खणांच्या कोपऱ्यांना हाच आकार लागतो, आणि नाजूक कामात तो बाहेरून अजिबात दिसू नये असा तिरप्या जोडाच्या पोटात लपवला जातो. 'जिगोकु-होझो', म्हणजे शब्दशः नरकातले कुसू, हा प्रकार तर नावाला जागणारा आहे: कुसवाच्या टोकाला चीर पाडून तिच्यात छोटी पाचर अर्धवट खोचतात आणि ते आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, खोबणीत ठोकतात; पाचर खोबणीच्या तळाला आपटून चिरीत घुसते, टोक आतल्या आत पसरते आणि मग तो सांधा लाकूड फोडल्याशिवाय सुटत नाही. चूक दुरुस्त करायची सोय त्यात नाही, त्यामुळे तो कारागिराच्या हिमतीपेक्षा त्याच्या मोजमापाची परीक्षा घेतो.

याच विद्येत 'किगोरोशी' नावाची एक युक्ती आहे, आणि या पाहणीत ती सर्वांत बोलकी ठरते. शब्दाचा अर्थ 'लाकूड मारणे'. बसवण्याआधी कुसवाच्या बाजू हातोडीने हलके ठोकून दाबतात, म्हणजे ते खोबणीत सहज जाते. पुढे हवेतला आणि खळीतला ओलावा पिऊन दबलेले लाकूड पुन्हा फुगते आणि सांधा आपोआप आवळला जातो. दमट हवेलाच कामाला लावणारी ही युक्ती आहे. बैलगाडीच्या काळात मराठवाड्यातला शेतकरी उन्हाळ्यात आकसलेली, खुळखुळणारी चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत घालत असे, त्यामागचे शास्त्र हेच होते. फरक इतकाच की जपानी सुताराची हवा ते पाणी फुकट पुरवते, आणि परभणीच्या शेतकऱ्याला ते नेऊन पाजावे लागे.

इथे एका गैरसमजाला उत्तर देणे भाग आहे. मराठवाड्यातल्या सुताराला सांध्यांची विद्या बाहेरून शिकवावी लागेल असे मानण्याचे कारण नाही. त्याची ही विद्या घरातल्या सामानात न दिसता शेतात दिसत असे. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले आहे, तिच्यात सुताराचे पहिले काम औतांचे होते आणि मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. वखर पाहिला तर बाभळीच्या जाड दिंडात आरपार भोके पाडून त्यांत जानोळी बसवलेली असतात, त्यांच्या टोकांना लोखंडी पास अडकते, आणि सगळे पाचरींनी आवळलेले असते, म्हणजे सैल झाले की शेतकऱ्याने बांधावरच दगडाने पाचर ठोकून पुढचे तास धरावे. गाडीचे चाक त्याहून अवघड. मधल्या तुंब्यात आरे बसवायचे, आऱ्यांची दुसरी टोके परिघाच्या वाकड्या तुकड्यांत घालायची आणि सगळ्यांवर तापवून फुगवलेली लोखंडी धाव चढवून वरून पाणी ओतायचे, की धाव आकसून डझनभर सांधे एका क्षणात दाबून धरते. यातला एकही सांधा खिळ्यावर अवलंबून नाही. वाकस, किकरे, पटाशी, करवत आणि रंधा एवढ्या हत्यारांनी, जमिनीवर बसून, तो हे करत असे, आणि जपानी साशिमोनो कारागीरही जमिनीवर बसूनच काम करतो.

मग घरातले सामान मागे का राहिले? त्याचे उत्तर कौशल्यापेक्षा मागणीत आहे. जमिनीवर बसणाऱ्या, जमिनीवर जेवणाऱ्या घरात पाट, पोळपाट, चौरंग, पाळणा, देव्हारा आणि एखादी पेटी एवढ्याच वस्तू लागत. जपानी घरही जमिनीवर बसणारे, पण तिथे शहरांत वाढलेल्या व्यापारी वर्गाने आणि चहाविधीच्या संस्कृतीने लहान सामानावर पैसा आणि नजर दोन्ही खर्च केली, आणि एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, साशिमोनोचा स्वतंत्र पेशा उभा राहिला. महाराष्ट्रात तो खर्च वाड्यांच्या खांब, तुळया आणि हस्तांवर झाला. पुण्याचा विश्रामबागवाडा हे त्याचे पाहण्याजोगे उदाहरण आहे. खांबाच्या माथ्यावर हस्त आणि हस्तावर तुळई ज्या रीतीने बसते ती रीत आणि जपानी मंदिराच्या छपराखालची जोडणी यांत नाते शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. सारखा प्रश्न पडला की हात सारख्या उत्तराकडे जातात, त्याला उसनवारी लागत नाही.

जपानी लहान सामानात लाकडाची निवडही हवेकडे पाहून होते. कपड्यांच्या पेट्यांसाठी 'किरी', म्हणजे पॉलोनिया, हे हलके लाकूड वापरतात. ओल्या हवेत ते चटकन फुगते, खणाची फट मिटते आणि आतला रेशमी किमोनो कोरडा राहतो, तर कोरड्या दिवसांत लाकूड आकसून आत हवा खेळते. या पेट्यांना सांध्यांबरोबर उत्सुगी नावाच्या झुडपाच्या टणक लाकडाच्या खुंट्या मारतात, आणि लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्यांपैकी पुष्कळांना उरुशीचा लेप नसतोच. त्यांचा पृष्ठभाग मातीची बारीक पूड आणि वनस्पतीचा रंग लावून, मेण घासून पूर्ण करतात. 'जपानी सामान म्हणजे काळे चकचकीत' ही समजूत निर्यातीच्या मालाने रुजवली. एदो साशिमोनोत मात्र उरुशी येते, पण तीही पातळ: तुतीच्या लाकडावर कच्ची उरुशी चोळायची, कापडाने पुसून घ्यायची, घट्ट होऊ द्यायची आणि पुन्हा चोळायची. या तुतीसाठी मिकुराजिमा या बेटाचे नाव घेतले जाते. तुती परभणी, जालना, बीड भागालाही ओळखीची आहे, पण इथे ती रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी दर हंगामाला छाटली जाते आणि तिच्या झुडपाचे खोड काठीपेक्षा फारसे जाड होत नाही.

आता लेपाकडे. 'लाख' या एका शब्दाने जो घोळ केला आहे त्याचा उगम गोव्याच्या किनाऱ्यावर सापडतो. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरील संवादग्रंथात लाखेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने लाख लावलेल्या कातीव लाकूडकामाचे वर्णन केले. संस्कृत 'लाक्षा'वरून आलेला शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपात गेला, आणि त्याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून जपानचे चकचकीत डबे आणि पेट्या आल्या तेव्हा त्यांनाही तेच नाव चिकटले. पुढे युरोपीय कारागिरांना जपानी काम हवे होते पण उरुशीचा चीक मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी भारतीय लाख मद्यार्कात विरघळवून तिची नक्कल केली, आणि या नकलेचे एक पाठ्यपुस्तकच १६८८ मध्ये इंग्लंडात निघाले. भारताची लाख जपानचे सोंग घेऊन युरोपच्या दिवाणखान्यात बसली. वस्तुतः या दोन पदार्थांत नावापलीकडे काहीही समान नाही.

लाख हा कीटकाचा स्राव आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक रस शोषत राहतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे केले की सुताराच्या दुकानातली चपडा लाख होते. पळस आणि बोरावर वाढणाऱ्या किडीच्या जातीला 'रंगीनी' आणि कुसुमावरच्या जातीला 'कुसुमी' म्हणतात. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली, यावरून या धंद्याचे एके काळचे वजन कळते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने फिरवली की स्पिरिट उडून जाते आणि राळेचा पापुद्रा मागे राहतो. रासायनिक बदल फारसा होत नाही, म्हणून तो पापुद्रा पुन्हा स्पिरिटने विरघळतो आणि उष्णतेने मऊ पडतो. गरम चहाचा पेला त्यावर वर्तुळ उमटवतो, पाणी साचले तर पांढरा डाग पडतो. पण दुरुस्ती इतकी सोपी दुसऱ्या कोणत्याही लेपाची नाही, कारण नवा हात जुन्या थरात मिसळून जातो.

उरुशी याच्या अगदी उलट आहे. ती झाडाच्या सालीला आडव्या चिरा देऊन, जून ते ऑक्टोबरच्या हंगामात, थेंबाथेंबाने गोळा केली जाते. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या एका झाडातून सुमारे २०० ग्रॅम चीक निघतो आणि नेहमीच्या पद्धतीत त्याच हंगामाअखेर ते झाड तोडले जाते. या चिकात उरुशिऑल नावाचा घटक आणि लॅकेज नावाचे, तांबे असलेले विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे जैविक द्रव्य असते. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये उरुशीच्या घट्ट होण्यामागे असे द्रव्य असल्याचे दाखवले. हे विकर हवेतला प्राणवायू घेऊन उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफते, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो: २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता असली तर ते उत्तम चालते. म्हणून जपानी कारागीर लेप दिलेली वस्तू उन्हात ठेवत नाहीत, ओल्या फडक्यांनी दमट केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. उरुशी वाळत नाही, आळते. आणि एकदा आळली की स्पिरिट, आम्ल, गरम पाणी यांपैकी कशालाही दाद देत नाही. तिचा शत्रू एकच, ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण तिची झळाळी खातात.

म्हणजे एक लेप ओल्या हवेत पक्का होतो आणि दुसरा कोरड्या हवेत. पावसाळ्यात लाखेचे पॉलिश केले तर ते धुरकट, पांढरे पडते हे प्रत्येक पॉलिशवाल्याला ठाऊक असते, आणि उरुशीच्या कारागिराला त्याच दिवसांची वाट पाहावीशी वाटेल. या एका फरकातून दोन प्रदेशांच्या दोन परंपरा उलगडतात, आणि देवगाव फाट्यावर उरुशी का रुजणार नाही तेही कळते. दमट कपाट कुठेही बनवता येते. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवणाऱ्या प्रदेशाला ते अवघड नाही. पण वस्तू त्या कपाटातून बाहेर येते आणि पुढची पन्नास वर्षे ४२ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात आणि प्रखर उजेडात काढते. आतले लाकूड आकसते, वरचा कडक थर आकसत नाही, आणि तडा सांध्यावरच जातो.

उरुशीचे एक दूरचे भावंड मात्र मराठी माणसाच्या चांगल्याच ओळखीचे आहे. बिब्बा. आंबा, काजू आणि चारोळी यांच्या कुळातल्या या झाडाच्या फळातला काळा रस परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरत. तो धुऊनही कापडातून जात नाही आणि कातडीला लागला तर उततो. उरुशीचे झाड याच कुळातले, आणि बिब्ब्याच्या रसातला दाहक घटक रासायनिक रचनेत उरुशिऑलचा जवळचा नातेवाईक आहे. जपानी शिकाऊ कारागिरांच्या हातांवर पहिल्या वर्षी उठणारे फोड आणि बिब्बा उतल्यावर येणारे फोड एकाच जातीचे. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिला उरुशीचा धोका समजावून सांगावा लागू नये. काजूच्या टरफलातले तेलही याच घराण्याचे असून, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये त्यापासून उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून 'काश्यू' नावाचा रंग तयार झाला. उरुशीच्या देशाने काजूचे टरफल कामी आणले. काजूच्या सिंधुदुर्गातल्या सुतारकामात मात्र त्या तेलाचा लेप म्हणून असा विकास झाला नाही, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

जपानी परंपरेत सांधा आणि लेप यांची खरी गाठ वाजिमा या गावात पडते. तिथल्या भांड्यांत आणि लहान सामानात लाकडी सांगाड्याच्या सांध्यांतल्या फटी आधी उरुशी, भात आणि भुसा यांच्या लगद्याने भरतात. मग सांधे आणि कडा यांवर उरुशीतच भिजवलेले कापड चिकटवतात. त्यावर 'जिनोको' नावाची भाजलेल्या मातीची पूड मिसळलेले थर देतात. आणि शंभराहून अधिक पायऱ्यांनंतर शेवटचा चकचकीत थर येतो. बाहेरून दिसतो तो लेप, पण टिकाऊपणा येतो तो सांध्यावरच्या कापडामुळे. लेप लाकडाला ओलावा हळूहळू देतो, त्यामुळे सांधा हलत नाही; सांधा हलत नाही म्हणून लेपाला तडा जात नाही. ही परस्परांची राखण आहे आणि त्यातली एक बाजू उचलून दुसरीकडे नेली की दुसरी लंगडी पडते. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वाजिमाच्या कार्यशाळांची फार मोठी हानी झाली. या गावावर आलेले संकट एका गावापुरते नाही, कारण जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी आधीच चीनमधून येते आणि देशी चीक मुख्यतः इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात निघतो. राष्ट्रीय वारशाच्या इमारतींची डागडुजी देशी उरुशीनेच करावी असे धोरण तिथल्या सांस्कृतिक खात्याला २०१५ मध्ये आखावे लागले. लाकडी वास्तुकलेच्या पारंपरिक कौशल्यांना युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा उरुशी गोळा करणे हेही त्या कौशल्यांत होते.

महाराष्ट्रात लेपाची परंपरा विचारली की सावंतवाडीचे नाव निघते आणि ते रास्तच आहे. भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने वाढलेली इथली गंजिफा, पांगाऱ्याची खेळणी, रंगवलेले पाट आणि चौरंग यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कार्यशाळा चालवून पुन्हा उभे केले. पण सावंतवाडीचे बळ चित्रात आहे, सांध्यात नाही. पांगारा हे मऊ लाकूड, त्यात बारीक कुसू धरत नाही, आणि लेपाचे काम रंग राखण्याचे आहे. कातीव कामात, म्हणजे कातारी लाकूड फिरते ठेवून घडवतो त्या कामात, लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला ही रीत आजही चालते आणि तिथल्या खेळण्यांना २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चन्नपट्टणच्या परंपरेत बावास मियाँ यांनी जपानी खेळण्यांची पद्धत आणल्याचे सांगितले जाते, आणि ते खरे धरले तरी आली ती यंत्राची रीत, उरुशी नव्हे. परभणीकरांना याहून जवळचे केंद्र म्हणजे निर्मळ. नांदेडच्या पलीकडे असलेले, १९४८ पर्यंत परभणीसारखेच हैदराबाद संस्थानात मोडणारे हे गाव लाकडी खेळणी आणि रंगीत सामानासाठी नावाजलेले आहे. या तिन्ही ठिकाणी लेप वस्तूच्या वरच्या अंगावर थांबतो. वाजिमासारखा तो सांध्याच्या आत शिरत नाही.

जपानी सांधकला भारतात आल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुदुच्चेरीत आहे. जॉर्ज नाकाशिमा या जपानी-अमेरिकन वास्तुविदाने १९३७ ते १९३९ या काळात श्रीअरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या निवासाच्या बांधकामाचे काम पाहिले आणि तिथले सागवानी सामान आखले. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने सामानाचे नमुने केले. उरुशीची त्याला गरज पडली नाही. त्याने लाकडाची रेषा उघडी ठेवली, तडा गेलेल्या जागी फुलपाखराच्या आकाराची चावी बसवली, आणि तो तडा लपवण्याऐवजी दाखवला. भारतीय हवेत हाच भाग टिकणारा आहे हे त्याने सिद्धान्त म्हणून कधी मांडले नसेल, पण कामातून दाखवले.

या सगळ्या पाहणीचा देवगाव फाट्यापुरता निर्णय असा. सांधा जसाच्या तसा घेता येतो, किंबहुना पाचर, आरपार कुसू आणि खुंटी या रूपाने तो इथे आधीपासून आहे. वखराच्या दिंडातून तो चौरंगाच्या पायात आणणे एवढेच काम आहे. मधली रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवावी, तिला गोंद किंवा फेविकॉल लावू नये, म्हणजे ती उन्हाळ्यात आकसली तरी फाटणार नाही. खोबणी वैशाखात पाडाव्यात, कारण तेव्हा लाकूड सर्वांत आकसलेले असते आणि पुढे फुगले तर सांधा आवळतोच. भाद्रपदात बसवलेला घट्ट सांधा मात्र चैत्रात खुळखुळतो. मुंगीच्या आकाराचे कुसू खणांना वापरावे, पण नरकातल्या कुसवाच्या वाटेला जाऊ नये. इथल्या हवेत सांधा कधीतरी उघडून नव्याने आवळण्याची सोय असणे हेच शहाणपणाचे. लेपासाठी उरुशीचा विचार सोडून द्यावा. चपडा लाख कार्तिक ते फाल्गुन या कोरड्या महिन्यांत लावावी, पोळपाट-पाटासारख्या पाणी लागणाऱ्या वस्तूंना जवसाचे तेल पाजावे, आणि देव्हाऱ्याच्या ज्या अंगावर दिव्याची धग लागते तिथे लाख लावूच नये. सनमायका डकवलेल्या भुशाच्या फळीपेक्षा हे काम महाग पडेल हे उघड आहे. पण भुशाची फळी एकदा पाण्याने फुगली की तिला दुरुस्ती नाही, आणि कुसवाच्या चौरंगाचा पाय नवा घालता येतो.

फाल्गुनात मराठवाड्याच्या माळांवर आणि बांधांवर पळस लाल होतो. रंगीनी लाख ज्या झाडावर वाढते ते हेच, आणि तरीही इथल्या सुताराच्या डब्यात पडणारी चपडा लाख बहुतांशी झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांतून येते.